आजोबांच्या ट्रंकेत जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं? ते किती जुनं आहे, कसं ओळखायचं?

मागच्या दिवाळीत गावी साफसफाई करताना माझ्या एका मित्राला पणजोबांच्या ट्रंकेत रिव्हॉल्व्हर आणि त्याचं होल्स्टर सापडलं. त्याने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "गुगल लेन्स म्हणतंय १८८७ चं आहे. किती लाखाला जाईल रे?"

उत्तर होतं: ते १८८७ चं नाही, आणि विकायचा विचार आत्ता सोड. का, ते बघू.

आधी सेफ्टी

अशी वस्तू सापडली तर ती भरलेलीच आहे असं समजा. घोडा ओढू नका, चापाला हात लावू नका, उघडून बघू नका. जुनं काडतूस अजूनही उडू शकतं. नळीसमोर कुणी उभं राहू नये. जिथे आहे तिथेच ठेवून फोटो काढा.

लेन्स का चुकलं?

लेन्स फक्त आकार जुळवतं. वेबली रिव्हॉल्व्हर ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमला बनायचं आणि ब्रिटिश सैन्यात होतं. सॉफ्टवेअरसारखी त्याचीही व्हर्जन्स आली: मार्क १ १८८७ मध्ये, मार्क ४ १८९९ मध्ये, मार्क ५ १९१३ मध्ये आणि मार्क ६ १९१५ मध्ये. लांबून सगळी सारखीच दिसतात. लेन्सला वेबली बरोबर ओळखता आलं, व्हर्जन नाही.

फरक मुठीत आहे. मार्क १ ते ५ ची मूठ खाली पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल वळते. मार्क ६ ची मूठ चौकोनी आहे आणि नळी ६ इंच. आधीच्या मार्कांची नळी बहुतेक ४ इंच असायची. मित्राच्या फोटोत मूठ चौकोनी होती. म्हणजे १९१५ च्या आधीचं असणं शक्यच नाही.

शिक्के वाचा

फ्लॅश बंद करा. दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका मारा. सावली पडली की पुसट अक्षरंही वर येतात. मग हे शोधा:

• वर्ष: मार्क ६ च्या फ्रेमवर वर्ष कोरलेलं असतं. मित्राच्या रिव्हॉल्व्हरवर १९१७ निघालं.
• बाणाची खूण: तीन रेघांचा छोटा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याच्यासोबत इंग्रजी 'आय' असेल तर भारतातल्या सरकारची.
• एनफिल्ड हे नाव: १९२१ पासून मार्क ६ एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनू लागलं.
• अंडाकृतीत 'ईएलजी' आणि तारा: ही बेल्जियममधल्या लीज शहराची चाचणीची खूण. वर मुकुट असेल तर १८९३ किंवा त्यानंतरची.

सिरियल नंबर आयएमईआयसारखा असतो. तो वहीत लिहून ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

होल्स्टरची तारीख वेगळी

होल्स्टर म्हणजे मोबाइलचं कव्हर. फोन जुना आणि कव्हर नवं असू शकतं, उलटंही. म्हणून दोघांची तारीख वेगवेगळी काढायची. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचं नाव, वर्ष आणि बाण बघा. अधिकारी सहसा चामड्याचं होल्स्टर वापरायचे. जाड कॅनव्हासचं असेल तर ते बहुधा १९३७ पॅटर्नचं, दुसऱ्या महायुद्धातलं.

एक नियम लक्षात ठेवा: वस्तूतला सगळ्यात नवा भाग तिची तारीख ठरवतो. नायलॉन १९३० च्या दशकात आलं. १९१५ च्या म्हटलेल्या होल्स्टरला नायलॉनचा दोरा दिसला, तर एकतर ते नंतरचं आहे, नाहीतर दुरुस्त केलेलं.

मित्राचं होल्स्टर कॅनव्हासचं, शिक्का १९४२ चा. घरात सगळे म्हणायचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. मार्क ६ दुसऱ्या महायुद्धातही वापरात होतं, त्यामुळे १९१७ आणि १९४२ एकत्र येण्यात चूक काहीच नाही. पण होल्स्टर तरी दुसऱ्याच युद्धातलं. त्याने कागद शोधले, तेव्हा पणजोबांची भरतीच १९४० ची निघाली.

सगळ्यात महत्त्वाचं: कायदा

"अँटिक आहे, लायसन्स नको" हा गैरसमज आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकत नसेल तरच. ते कोण ठरवणार? आपण नाही. विनापरवाना शस्त्र बाळगलं किंवा विकलं तर तुरुंगवास होऊ शकतो. म्हणून ऑनलाइन जाहिरात नाही, स्टेटस नाही, हातात धरून रील तर अजिबात नाही. जुनं लायसन्स कागदांत आहे का बघा, वकिलाला विचारा आणि पोलिस ठाण्यात कळवा. वस्तू स्वतः उचलून नेऊ नका, आधी फोन करा.

मित्राच्या घरच्यांनी तेच केलं. रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा झालं. पैसे मिळाले नाहीत, पण पणजोबा नक्की कुठल्या युद्धात होते, हे घराला पहिल्यांदाच कळलं.

तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल तर हा लेख आधी घरच्यांना वाचून दाखवा.