सर्पदंशोपचाराची मार्गदर्शिका आणि रुग्णालयाची सिद्धता

मध्य रेल्वेवर शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यान असलेल्या आंबिवलीच्या परिसरात नागरी वस्ती आणि ग्रामीण शिवार एकमेकांस भिडलेले आहेत. अशा भूभागात पावसाळ्यात सर्पदंशाचा संभव वाढतो. रुग्ण पुष्कळदा रात्री येतो आणि सर्प कोणता होता, हे कोणी पाहिलेले नसते. त्या वेळी कामावर असलेल्या एकट्या वैद्याच्या तर्कावर सर्व भार टाकणे धोक्याचे होय. चिकित्सा-मार्गदर्शिकेचे प्रयोजन येथेच स्पष्ट होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका सर्पाच्या ओळखीपेक्षा लक्षणांना महत्त्व देते. तीत सांगितलेली एक चाचणी अगदी साधी आहे. शिरेतील दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग नळी एकदा कलती करावी. रक्त गोठले नसेल, तर घोणस वा फुरसे यांच्यासारख्या सर्पाचे विष भिनले आहे असे मानून प्रतिविष द्यावे. काचेच्या पृष्ठभागाने रक्त गोठण्यास चालना मिळते. म्हणून प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी फसवा निष्कर्ष देऊ शकते.

उलटपक्षी, मण्यारीच्या दंशात हीच चाचणी निर्दोष येते आणि दंशाच्या जागी सूजही दिसत नाही. पापण्या जड होणे हीच तेथे धोक्याची खूण. म्हणून लक्षणे नसलेल्या रुग्णासही चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवावे, असा दंडक आहे. बालकास औषध कमी द्यावे, ही वैद्याची नेहमीची सवय. परंतु सर्प बालकाच्या शरीरातही तेवढेच विष सोडतो, म्हणून प्रतिविषाची मात्रा प्रौढाइतकीच ठरविली आहे.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट शासनाने २०२४ च्या राष्ट्रीय कृती-आराखड्यात ठेवले आहे. त्यासाठी मार्गदर्शिका कपाटात असून भागणार नाही. काचेची कोरडी नळी, घड्याळ, प्रतिविषाच्या कुप्या आणि त्याची प्रतिक्रिया उद्भवल्यास लागणारे ॲड्रेनॅलिन, ही सामग्री रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाताशी हवी आणि प्रत्येक चाचणीची वेळ रुग्णपत्रिकेवर लिहिली गेली पाहिजे. मार्गदर्शिकेचे खरे मोल अशा सिद्धतेवरच अवलंबून आहे.