पिंपळपान आणि विमानाचा पंख

विमानात खिडकीची जागा मिळाली, पंख वरखाली होताना दिसला आणि पोटात गोळा आला, असं एका वाचकाने कळवलंय. 'तो तुटत कसा नाही?' हलू द्या त्याला! हवेच्या धक्क्याने वाकलेला पंख दोन-चार हेलकाव्यांत शांत होतो. भीती असते ती शांत न होणाऱ्या हलण्याची. त्याला फ्लटर म्हणतात.

आंब्याचं पान ढिम्म असतं तेव्हाही शेजारचा पिंपळ सळसळत असतो. लांब, लवचीक देठावर त्याचं पान डोलतं आणि पीळही खातं. वारा संथ वाहत असतो. ताल पानाचा स्वतःचा. पंखही असाच वाकतो आणि पिळवटतो. कमी वेगात या दोन हालचाली आपापल्या लयीत चालतात. वेग वाढला की हवा त्यांची लय जुळवून देते. पंख वर जाताना त्याची पुढची कड वर वळलेली, खाली येताना खाली. मग दर फेरीत हवा त्याला आणखी रेटते.

याला सर्रास 'अनुनाद' म्हणतात, ते मला खटकतं. अनुनादाला बाहेरून कुणी ठेका धरावा लागतो. हा फरक इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्येच ओळखला होता. हँडली पेज कंपनीच्या बाँबर विमानाची शेपटी उडताना भयंकर थरथरे. लँचेस्टर म्हणाले, ही थरथर बाहेरून आलेली नाही, शेपटी स्वतःच ती पोसते आहे. शेपटीवरच्या हलत्या फळ्या, म्हणजे डावा आणि उजवा एलेव्हेटर, वेगवेगळ्या तारांनी हलत. एक वर तर दुसरा खाली, आणि मधलं धड पिळवटलेलं. दोघांना एका भक्कम नळीने जोडा, हा त्यांचा उपाय. १९४० मध्ये अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्यात कोसळला, तोही असाच. पण कित्येक पाठ्यपुस्तकं अजून अनुनादच शिकवतात.

साधं, रेषीय गणित सांगतं की एका ठरावीक वेगापुढे हेलकावे वाढतच जातील आणि पंख मोडेल. खरा पंख इतका आज्ञाधारक नसतो. एफ-१६ या लढाऊ विमानाच्या पंखांखाली शस्त्रं विशिष्ट रीतीने टांगली की ध्वनीच्या वेगाच्या आसपास पंख डुलू लागतात, एका मर्यादेला पोचतात आणि तिथेच डुलत राहतात. पंख शाबूत, पण वैमानिक आडवा हिंदकळतो, समोरची डायल धड वाचता येत नाही. हे 'लिमिट सायकल'. पंखावर सरकणाऱ्या आघाततरंगांचा त्यात हात किती, यावर अभ्यासकांचा अजून खल चालू आहे.

पंखाच्या या आज्ञाभंगाची, म्हणजे अरेषीयतेची, दुसरी बाजू मात्र वाईट. गणिताने सुरक्षित ठरवलेल्या वेगातही एखादा जोरदार धक्का पंखाला या चक्रात ढकलू शकतो. मग वेग थोडा कमी करूनही ते थांबत नाही. बिजागरीतला सैलपणा हे त्याचं नेहमीचं मूळ. म्हणून अमेरिकी लष्करी नियमांनी अख्ख्या फिरणाऱ्या शेपटीला ०.०३४ अंशाचाच सैलपणा दिला. घड्याळाचा मिनिटकाटा एवढा सरकायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो.

सैलपणा किती महागात पडतो ते एकदा सगळ्यांसमोर दिसलं: १४ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरजवळ हवाई कसरतींत एफ-११७ या लष्करी विमानाचा डावा पंख प्रेक्षकांसमोर तुटला. वैमानिक बाहेर फेकला जाऊन वाचला. चौकशीत निघालं, की पंखाच्या मागच्या कडेवरल्या हलत्या फळीला, एलेव्हॉनला, आधार देणाऱ्या भागाचे काही बोल्ट देखभालीनंतर परत बसवलेच नव्हते.