झोकांड्या खाणारा उंदीर आणि मेंदूतील कॅल्शियमची दारे

कॅल्शियम म्हटले की हाडे आणि दात आठवतात. मेंदूत मात्र त्याची भूमिका निरोप्याची आहे. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पटींनी अधिक असते. विद्युत संदेश आला की पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पुढच्या पेशीसाठी रासायनिक संदेश सोडला जातो. ही दारे म्हणजेच कॅल्शियम चॅनेल. त्यांचा मुख्य भाग घडविणारी १० जनुके सस्तन प्राण्यांत आहेत.

त्यांपैकी एक जनुक बिघडले तर काय होते, हे एका उंदराने दाखवून दिले. 'टॉटरिंग', म्हणजे झोकांड्या खाणारा, हे त्याचे नाव. १९६२ मध्ये अमेरिकेत त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्याचा तोल जातो, अधूनमधून अंग पिळवटणारे झटके येतात आणि मधेच तो काही क्षण जागच्या जागी थिजतो. हे थिजणे म्हणजे अपस्माराचाच एक प्रकार, असे १९७९ मध्ये मेंदूच्या विद्युत आलेखावरून स्पष्ट झाले. दोषी जनुक सापडण्यास १९९६ साल उजाडावे लागले. 'सीएसीएनए१ए' हे त्याचे नाव.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांच्या गटाने माणसातील हेच जनुक दोन आनुवंशिक विकारांशी जोडले: अर्ध्या अंगाला तात्पुरता लुळेपणा आणणारी अर्धशिशी आणि अचानक तोल जाण्याचे झटके. या दुसऱ्या विकाराच्या रुग्णांना मानसिक ताण, कॉफी किंवा मद्य यांनी झटका येऊ शकतो. टॉटरिंग उंदरालाही नेमक्या याच तीन गोष्टींनी झटका येतो! प्राण्यांवरील प्रयोगांतून माणसाचे इतके हुबेहूब चित्र क्वचितच हाती लागते.

थिजण्याच्या झटक्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. लहान मुलांतही असा अपस्मार आढळतो. मूल वर्गात काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि 'लक्ष नसते' म्हणून बोलणी खाते. टॉटरिंग उंदराच्या मेंदूतील थॅलॅमस या भागात एक दार अधू झाले की दुसऱ्याच जातीचे, 'टी' प्रकारचे दार प्रमाणाबाहेर काम करू लागते. दक्षिण कोरियातील ही-सप शिन यांच्या गटाने 'सीएसीएनए१ए' नसलेल्या उंदरांतून या 'टी' दाराचे एक जनुकही काढून टाकले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थक्क करणारा होता: थिजण्याचे झटके नाहीसे झाले. या विकारावर पूर्वापार दिले जाणारे इथोसक्सिमाइड हे औषधही 'टी' दारांनाच आवर घालते, असे मानले जाते.

मग ते दार कायमचेच बंद का करू नये? याचे उत्तरही उंदरांनीच दिले. ते जनुक नसलेल्या उंदरांच्या गाढ झोपेतील संथ लहरी हरवल्या आणि त्यांना वारंवार जाग येऊ लागली.