तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची

भाजी महाग वाटली तर आपण शेजारच्या गाळ्यावर जातो. दूध पातळ लागले तर रतीब बदलतो. वीज मात्र बदलता येत नाही. कोल्हापुरात घर असो, शाळा असो की गुऱ्हाळ, बिल महावितरणचेच येते. मग विजेचीही दोन-तीन दुकाने का नसावीत, असा प्रश्न वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच राज्यात, मुंबईत, हा प्रयोग झालेला आहे.

विजेच्या दृष्टीनेही बेट

मुंबई हे बेट आहे हे आपण भूगोलात शिकवतो. विजेच्या बाबतीतही तिचा संसार बराच काळ स्वतंत्र राहिला. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली व ती मुंबईला पुरवली. शहरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट वीज वाटू लागली. उपनगरांसाठी १९२९ साली बीएसईएस ही कंपनी निघाली. तिचा वीजव्यवसाय पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेला.

मुंबईला आणखी एका अर्थाने बेट म्हणतात. राज्याच्या वीजजाळ्यात मोठा बिघाड झाला, की मुंबईचे जाळे आपोआप सुटे व्हावे आणि जवळच्या केंद्रांवर चालू राहावे, अशी व्यवस्था १९८१ पासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती तग धरू शकली नाही आणि शहर अंधारात गेले. एरवी बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता मर्यादित, म्हणून जवळच्या केंद्रांवर भिस्त, अशी मुंबईची स्थिती राहिली. स्पर्धेचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवायची.

मक्तेदारी का निर्माण होते?

एका गल्लीत दोन कंपन्यांनी आपापले खांब, तारा आणि रोहित्रे उभारली तर खर्च दुप्पट होईल, ग्राहक मात्र तेवढेच राहतील. शेवटी तो खर्च ग्राहकांच्याच माथी येणार. म्हणून तारांच्या धंद्यात एकच पुरवठादार असणे स्वस्त पडते. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात.

पण तारा आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता एकच असला तरी त्यावरून अनेकांच्या गाड्या धावतात. २००३ च्या वीज कायद्याने हाच विचार मांडला. एकाच क्षेत्रात दोन परवानाधारक असू शकतात, आणि ठरलेले भाडे भरून दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेता येते, अशी सोय त्यात झाली. टाटा कंपनी मुंबईतल्या लहान ग्राहकांनाही थेट वीज विकू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने उपनगरांतील ग्राहकांना रिलायन्सच्या तारा तशाच ठेवून टाटांची वीज घेण्याची मुभा दिली. पुढच्या काही वर्षांत लाखो ग्राहकांनी पुरवठादार बदलला.

मग घरात नेमकी कोणाची वीज येते?

ही शंका रास्त आहे. आपल्याकडच्या दूध संस्थेचे उदाहरण घेऊ. गावातले सगळे आपापले दूध आणतात. प्रत्येकाचे माप आणि फॅट वहीत लिहिले जाते, पण दूध एकाच टाकीत पडते. पिशवीतले दूध कोणाच्या म्हशीचे, हे कोणीही सांगू शकणार नाही. तरीही हिशोब चोख होतो.

विजेचेही तसेच आहे. प्रवाह कोणाचे नाव घेऊन वाहत नाही. ज्या वाटेने विरोध कमी, तिकडे तो जास्त जातो. टाटांच्या ग्राहकांनी जेवढी वीज वापरली तेवढी, अधिक वाटेत गळणारी, टाटांनी जाळ्यात घालायची. बदल होतो तो हिशोबाच्या वहीत. घरातल्या दिव्याला त्याचा पत्ताही नसतो.

सोडून जाणारे आणि मागे राहणारे

खरी अडचण येथे सुरू होते. ती समजण्यासाठी एक कल्पित गणित मांडू. एका वस्तीत १०० ग्राहक आहेत आणि तारांचा वर्षाचा खर्च १,००,००० रुपये आहे. १० मोठे ग्राहक मिळून ६०,००० रुपये भरतात आणि ९० लहान ग्राहक ४०,०००. म्हणजे प्रत्येकी सुमारे ४४४. मोठे ग्राहक काहीही न भरता निघून गेले तर लहानांवर प्रत्येकी सुमारे १,१११ रुपयांचा बोजा पडेल.

म्हणून तारा वापरण्याचे भाडे, म्हणजे वहन आकार, घ्यावाच लागतो. मोठ्यांच्या वापराप्रमाणे तो ४५,००० रुपये होतो असे धरू. तरीही १५,००० रुपये कमी पडतात. ही रक्कम मोठे ग्राहक आजवर लहानांसाठी जादा भरत होते. तिला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती भरून काढण्यासाठी सोडून जाणाऱ्यांवर अधिभार लावला जातो. अधिभार कमी ठेवला तर मागे राहिलेल्यांचे बिल वाढते; फार वाढवला तर कोणी पुरवठादार बदलणारच नाही. मुंबईत वर्षानुवर्षे वाद चालला तो मुख्यतः या तराजूवरून. २०१२ साली आयोगाने टाटांना काही काळ दरमहा ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच असे सामावून घेण्यास सांगितले. लहानांनाही लाभ मिळावा, हा त्यामागचा विचार. हा आदेशही पुढे अपिलात गेला.

बेस्ट ही स्थानिक संस्था असल्याने तिच्या तारा दुसऱ्याला खुल्या करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. मात्र टाटा स्वतःच्या तारा टाकून तिच्या क्षेत्रात वीज देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केले. दाट वस्तीत रस्ते खोदून दुसरे जाळे टाकायचे, म्हणजे पुन्हा दुप्पट खर्चाचाच प्रश्न.

आणि आपण?

एक मेगावॉट व त्याहून जास्त मागणी असलेला शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा कारखाना आजही वहन आकार व अधिभार भरून बाहेरून वीज घेऊ शकतो. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. घरगुती ग्राहकाला हा मार्ग नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले वीज कर्मचारी समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेले होते. मोठे ग्राहक गेले तर शेतकऱ्याच्या आणि लहान घरांच्या स्वस्त विजेचा भार कोण उचलणार, हा प्रश्न तेव्हा पुन्हा पुढे आला.

मुंबईच्या अनुभवातून आपल्याला एवढे दिसते: विकणारे वाढले म्हणून वीज आपोआप स्वस्त होत नाही. वीज तयार करणारे मोजके असतील, बाहेरून आणायच्या वाहिन्या अपुऱ्या असतील, तर दुकाने दोन झाली तरी माल एकाच गोदामातून येतो.

वर्गासाठी: विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. त्यातील स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार वेगवेगळे लिहून प्रत्येकाचे एकूण बिलाशी शेकडा प्रमाण काढावे. उद्या वीज विकणारा बदलला तर यातला कोणता आकडा बदलू शकेल आणि कोणता तसाच राहील, यावर चर्चा घ्यावी.