जुन्या मोटारसायकलची पेट्रोल-गळती

जुन्या मोटारसायकलींवर जीव लावणारीं माणसें एका बाबतींत फार उदार असतात. इंजिनाखालीं तेलाचे चार थेंब दिसले, तर 'वयच झालें आहे तिचें' असें म्हणून तीं हंसून सोडून देतात. तेलाच्या बाबतींत हें औदार्य एक वेळ चालेल. पेट्रोलच्या बाबतींत तें मुळींच चालत नाहीं. तेल सांडलें तर फरशी मळते, पेट्रोल सांडलें तर घर धोक्यांत येतें.

पेट्रोल उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडींतहि पेट घेण्याइतकी वाफ सोडतें. मग आपल्याकडील उन्हाळ्याविषयीं बोलावयासच नको. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळें ती वर उडून न जातां जमिनीलगत पसरते आणि जिन्याखालच्या कोंदट जागेंत सांचून राहते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीडच्या सुमारास पोंचलें, कीं ठिणगीचाच काय तो अवकाश. ती ठिणगी पाण्याच्या पंपाच्या बटणांतून मिळते, नाहीं तर तळमजल्यावरील देव्हाऱ्यांतल्या समईची ज्योत तिचें काम करते. थेंबाला क्षुल्लक समजणाऱ्यांनीं एक साधा हिशेब करून पाहावा. सुमारें 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला 180 मिलिलिटर, आणि रात्रीच्या आठ तासांत जवळजवळ दीड लिटर पेट्रोल बंद जागेंत उडून जातें.

गळती दिसतांच बहुतेकांचा हात पान्याकडे जातो, आणि जो नट समोर दिसेल तो आवळला जातो. हीच गोष्ट टाळावयाची आहे. नळाच्या पाण्याची गळती आवळून थांबते. कार्बुरेटरची गळती पुष्कळदां आवळून वाढते. गळणारा थेंब नेमका कोठून निघतो हें ज्याला कळलें, त्याचें निम्मेंअधिक काम झालें. तेव्हां आधीं ओळखावें, मग उघडावें, आणि आवळणें हें सर्वांत शेवटीं ठेवावें.

उदाहरणासाठीं बी. एस. ए. कंपनीची एम-20 ही मोटारसायकल घेऊं. 1939 ते 1945 च्या महायुद्धांत लष्करासाठीं अशा सव्वा लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतील कांहीं भारतांतहि राहिल्या. हिचा कार्बुरेटर अमल कंपनीचा. तीन जुन्या इंग्रज कार्बुरेटर-कारखान्यांच्या एकीकरणांतून 1927 सालीं ही कंपनी उभी राहिली, आणि पुढें कित्येक वर्षें इंग्लंडांतील बहुतेक मोटारसायकलींवर तिचेच कार्बुरेटर बसत असत. त्यांचे सुटे भाग आजहि इंग्लंडांत नव्यानें तयार होतात, ही दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीनें मोठी सोयीची गोष्ट आहे.

आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकींत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर चढलें कीं गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलें कीं तो खालीं जातो आणि नळ उघडतो. कार्बुरेटरमध्यें हेंच काम लहान प्रमाणावर चालतें. एम-20 च्या कार्बुरेटरला बाजूस एक स्वतंत्र वाटोळी डबी असते. तींत पातळ पत्र्याचा पोकळ फ्लोट तरंगत असतो, व त्याच्या मधोमध एक टोंकदार सुई चिमट्यानें अडकविलेली असते. पेट्रोलची पातळी योग्य उंचीस आली, कीं फ्लोटबरोबर सुई उचलली जाते, आपल्या बैठकींत घट्ट बसते आणि पेट्रोलची वाट अडते. ही पातळी जेटच्या तोंडापेक्षां किंचित् खालीं राहावयास हवी. ती चढली, तर पेट्रोल जेटमधून वाहूं लागतें, नाहीं तर डबीच्या झांकणांतून बाहेर पडतें. झांकणावर टिकलर नांवाचें एक लहान बटण असतें. थंड इंजिन चालूं करण्यापूर्वीं तें दाबून फ्लोट क्षणभर बुडवावयाचा व थोडें पेट्रोल चढूं द्यावयाचें, अशी योजना आहे. त्यामुळें टिकलरच्या खालीं एखादा ओला ओघळ दिसला म्हणजे लगेच दोष आहे असें समजूं नये. बटण सोडल्यावरहि ओघळ थांबत नसेल, तरच तो दोष.

आतां परीक्षेची रीत. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि गाडी उघड्यावर, सपाट जागीं, मधल्या अथवा मागच्या स्टँडवर सरळ उभी करावी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडींत डबीहि कलते, पातळी बिघडते आणि निर्दोष कार्बुरेटरसुद्धां गळूं शकतो. बॅटरीची तार सोडावी. जवळ विडी-काडी नको, उजेडासाठीं विजेरीच वापरावी, आणि आग विझविण्याची भुकटीची नळकांडी किंवा वाळूची बादली हाताशीं असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलें तर ती पसरते. मग टाकीपासून कार्बुरेटरच्या तळापर्यंत सर्व भाग फडक्यानें कोरडे पुसावेत आणि प्रत्येक सांध्यावर खडूची बारीक पूड भुरभुरावी. प्रथम कॉक बंद ठेवून दहा मिनिटें थांबावें, नंतर तो उघडून आणखी दहा मिनिटें पाहावें. पेट्रोल हें खालीं ओघळून भलत्याच जागीं थेंब धरतें. परंतु खडूच्या पांढऱ्या पुडींत त्याची वाट काळसर रेघ होऊन उमटते, आणि त्या रेघेचें सर्वांत वरचें टोंक हेंच गळतीचें मूळ होय.

कॉक बंद असतांनाच ओल दिसली, तर दोष कॉकमध्यें किंवा टाकीशीं असलेल्या त्याच्या जोडांत आहे. कॉक उघडल्यावर झांकण, टिकलर अथवा कार्बुरेटरचें हवेचें तोंड यांतून पेट्रोल आलें, तर दोष पातळीचा, म्हणजे फ्लोट व सुई यांचा. आणि डबी जेथें मुख्य भांड्याच्या तळाशीं जोडली आहे तेथून थेंब आला, तर दोष वॉशरचा. तिन्ही दोषांचा थेंब शेवटीं एकाच जागीं पडतो. म्हणून जमिनीवरचा डाग पाहून निदान करणारा फसतो.

पातळीच्या दोषाचें सर्वांत सामान्य कारण अगदीं साधें असतें, तें म्हणजे कचरा. टाकींतील गंजाचा एक कण सुई व बैठक यांच्यामध्यें अडकला कीं वाट बंद होत नाहीं. डबी उघडून तळाचा गाळ काढावा, सुई व बैठक मऊ कापडानें स्वच्छ करावी, आणि टिकलर दाबल्यावर स्प्रिंगनें मोकळेपणीं वर येतो कीं नाहीं तें पाहावें. अडकलेला टिकलर फ्लोटला सतत दाबून धरतो. सुईच्या निमुळत्या भागावर नखाला लागेल असें वर्तुळाकार कडें पडलें असेल, तर ती झिजली आहे. घांसण्याची पूड लावून बैठक 'बसविण्या'चा मोह कोणीं धरूं नये; त्यानें मऊ पितळेची बैठक रुंद होते आणि पुढें कोणतीहि सुई तेथें नीट बसत नाहीं. नवी सुई घालावी आणि ती बोटांच्या चिमटींत धरून बैठकींत हलकेच चार वेळां फिरवावी, इतकें पुरे.

एवढ्यानेंहि पातळी चढत राहिली, तर फ्लोट कानाशीं नेऊन हलवावा. आंत पेट्रोल खुळखुळलें तर तो फुटका आहे. जड झालेला फ्लोट खोल बुडतो, आणि सुई उचलण्यासाठीं पेट्रोल अधिक उंच चढावें लागतें. विस्तवापासून दूर नेलेल्या कढत पाण्यांत त्याला बुडविलें, म्हणजे बारीक बुडबुड्यांची माळ छिद्राची जागा दाखविते. हें छिद्र सोल्डरनें बुजवितां येतें. पण आंतील पेट्रोल व वाफ पूर्णपणें निघून गेल्यावांचून त्याला उष्णता लावणें म्हणजे हातांत फटाका धरणें होय. शिवाय सोल्डर जास्त झाला तर त्याच्याच वजनानें पातळी पुन्हां बिघडते. या कामाचा सराव नसेल त्यानें सरळ नवा फ्लोट घ्यावा.

तळाच्या जोडांत लाल-करड्या फायबरचीं वॉशरें असतात. आपले कारागीर त्यांना वायसर म्हणतात. तीं वर्षानुवर्षें दाबून कडक झालेलीं असतात, म्हणून जोड उघडला कीं तीं बदलावीं. येथेंच आवळण्याचा मोह सर्वांत घातक ठरतो. कार्बुरेटरचें अंग जस्ताच्या मिश्रधातूचें ओतीव असतें; तें लोखंडासारखें सहन करीत नाहीं. फार आवळलें कीं आटे निघतात अथवा जोडाचा सपाट भाग कमानीसारखा वांकतो, आणि मग कितीहि नवीं वॉशरें घातलीं तरी कडेनें पेट्रोल येतच राहतें. असा किंचित् वांकलेला भाग जाड कांचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर हलक्या हातानें वाटोळा फिरवून सपाट करतां येतो. सर्वत्र सारखी चमक आली कीं थांबावें.

तांब्याच्या नळीचा विचार निराळा. तांबें हें इंजिनाच्या हादऱ्यांनीं वर्षानुवर्षें कडक होत जातें, आणि जेथें नळी जोडाच्या टोपीला मिळते तेथें केंसासारखी चीर पडते. नळी काढून, पेट्रोलपासून पूर्ण मोकळी करून, लालसर होईपर्यंत तापविली व थंड केली म्हणजे ती पुन्हां मऊ होते. मात्र टोंकें सोल्डरनें जोडलेलीं असतील, तर या उष्णतेनें तीं सुटतात. म्हणून तीं नंतर पुन्हां जोडावीं लागतात. बसवितांना नळी सहज जागेवर बसली पाहिजे; नट आवळून तिला ओढून आणली तर ती पुन्हां तडकणारच.

कॉकच्या जुन्या प्रकारांत ओढावयाच्या दट्ट्यावर बुचाचें कडें असतें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली व टाकी कोरडी पडली, कीं हें बूच सुकून आकसतें आणि पेट्रोल अडवीत नाहीं. तें काढून उकळत्या पाण्यांत कांहीं मिनिटें ठेवलें तर बहुधा फुगून पुन्हां उपयोगी पडतें. तुटकें असल्यास बदलावें. टाकीशीं असलेल्या जोडाचे आटे समांतर असतात. तो जोड आट्यांनीं नव्हे, तर वॉशरनें बंद होतो. म्हणून नळवाल्याप्रमाणें तेथें सफेदा व सूत, किंवा पांढरी फीत गुंडाळण्याचा कांहींहि उपयोग नाहीं; उलट तिचे धागे वाहत जाऊन जेट बंद करतात.

येथें आजच्या पेट्रोलविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. 2023 च्या फेब्रुवारीपासून भारतांत शेंकडा 20 इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि 2025 पर्यंत तें देशभर पोंचलें. एम-20 च्या कारागिरांनीं असें इंधन गृहीत धरलेलें नव्हतें. इथेनॉल हें मद्यार्कच असल्यामुळें बुचाला अथवा जोडाला लावलेली लाखेची जुनी कल्हई तें विरघळवितें, साध्या रबराला फुगवितें, आणि हवेंतील पाणी शोषून घेऊन जस्ताच्या अंगावर पांढरी भुकटी आणतें. बरीच वर्षें न गळलेली गाडी अलीकडे एकाएकीं गळूं लागली असेल, तर हेंहि कारण लक्षांत घ्यावें. त्यावर उपाय म्हणजे इथेनॉल सहन करणाऱ्या फ्लोरो-रबराचीं कडीं व नळ्या वापरणें, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास डबी रिकामी करून ठेवणें. बुचाचा कॉक मात्र कोरडा पडला कीं पुन्हां तपासावा.

1955 सालीं मद्रासेंत एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या बुलेटसारख्या नंतरच्या गाड्यांत फ्लोटची डबी कार्बुरेटरच्याच अंगांत सामावलेली असते. तेथें तळाच्या जोडाऐवजीं बाजूच्या झांकणाचें कागदी पॅकिंग तपासावें लागतें. बाकी तत्त्व तेंच.

सर्व जुळवून झाल्यावर खडूची परीक्षा पुन्हां एकदां करावी, आणि पूड कोरडी राहिली तरच इंजिन चालूं करावें. वाटेंत टाकीला बारीक छिद्र पडलें, तर कपडे धुण्याच्या साबणाची ओलसर गोळी तेथें दाबून घरापर्यंत येतां येतें, कारण पेट्रोलमध्यें साबण विरघळत नाहीं. पण ती घरापर्यंतचीच सोय आहे, दुरुस्ती नव्हे. काढलेलें पेट्रोल गटारांत ओतूं नये. घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत, उन्हापासून दूर ठेवावें.

आणि श्रोतेहो, शेवटचा उपाय असा, कीं ज्याला पानाहि लागत नाहीं आणि पैसाहि लागत नाहीं: गाडी थांबविली कीं कॉक बंद करावा. जुन्या कार्बुरेटरची सुई रात्रभर पहारा करील असा भरंवसा तिच्या निर्मात्यांनींहि धरलेला नव्हता. म्हणूनच त्यांनीं टाकीखालीं कॉक बसविला. जुनें यंत्र जपावयाचें म्हणजे त्याची झीज मान्य करून त्याच्याशीं वागावयाचें. हातांत आलेली ही एवढी संवय गाडीलाहि वांचविते आणि जिच्या छायेंत ती उभी असते त्या घरालाहि.