वत्सगुल्म आणि उत्तरेची नवी सत्ता

सत्तासमतोलाची पाने : लेखांक सातवा

उदयाला येणारी सत्ता एखाद्या शेजाऱ्याशी युद्ध करते की सोयरीक, हे त्या शेजाऱ्याच्या बळाबळावरून ठरते, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी पुष्कळदा तो निर्णय त्या सत्तेला पुढे कोणाशी लढायचे आहे यावर अवलंबून असतो. इसवी सनाच्या चौथ्या आणि पाचव्या शतकांतील विदर्भ हे याचे ठळक उदाहरण आहे. आजच्या वाशिम जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; आणि याच घराण्याची दुसरी, थोरली शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, पूर्व विदर्भावर राज्य करीत होती. एकाच कुळाच्या या दोन घरांनी उत्तरेतील गुप्त साम्राज्याच्या उदयाला तोंड कसे दिले, हा या लेखांकाचा विषय आहे.

वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी घेतली. तथापि त्याच्यामागे राज्य मुलांमध्ये विभागले गेले. पुराणे त्याला चार पुत्र असल्याचे सांगतात, त्यांपैकी दोघांच्याच शाखा पुराव्याने ज्ञात आहेत : गौतमीपुत्राच्या वंशाची नंदिवर्धन शाखा आणि सर्वसेनाने स्थापिलेली वत्सगुल्म शाखा. याच सुमारास गंगेच्या खोऱ्यात समुद्रगुप्त प्रबळ होत होता. त्याच्या प्रयाग येथील स्तंभलेखात दक्षिणेतील राजांशी वागण्याची जी रीत वर्णिली आहे, तिला ग्रहण, मोक्ष आणि अनुग्रह अशी नावे आहेत, म्हणजे राजाला युद्धात पकडणे, मग सोडणे आणि कृपा म्हणून त्याचे राज्य त्याला परत देणे. त्याच्या दक्षिण मोहिमेची वाट कोसल आणि महाकांतार, म्हणजे आजच्या छत्तीसगडकडच्या वनप्रदेशातून पूर्व किनाऱ्याकडे गेली आणि विदर्भ तिच्या पश्चिमेला राहिला. स्तंभलेखातील उच्छेद झालेल्या राजांच्या यादीतला रुद्रदेव म्हणजेच वाकाटक पहिला रुद्रसेन, असे काही विद्वानांनी सुचविले होते; पण ती यादी आर्यावर्तातील राजांची आहे आणि वाकाटकांचे राज्य त्यानंतरही अखंड चालू राहिले, त्यामुळे हे समीकरण टिकत नाही.

खरा निर्णायक प्रसंग पुढच्या पिढीत आला. समुद्रगुप्ताचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त याची नजर पश्चिमेकडे होती. माळवा, गुजरात आणि काठेवाड या पट्ट्यावर शक क्षत्रपांची सत्ता जवळजवळ तीन शतके टिकून होती, आणि त्यांचा पाडाव केल्याखेरीज भरुकच्छासारख्या बंदरांतून चालणारा समुद्रव्यापार गुप्तांच्या हाती येणार नव्हता. विदिशेकडून माळव्यात आणि तिथून गुजरातेत उतरणाऱ्या सैन्याची डावी बाजू दक्षिणेकडे उघडी पडते, आणि त्या दक्षिणेला वाकाटक होते. म्हणजे शकांवरच्या मोहिमेत मदत करणे किंवा ती मोडून काढणे या दोन्ही गोष्टी भूगोलामुळे त्यांच्या आवाक्यात होत्या. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने १९१४ मध्येच हे भौगोलिक कारण नेमके हेरले होते. चंद्रगुप्ताने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे जे सहा मार्ग सांगितले, त्यांना षाड्गुण्य म्हणतात : संधी, विग्रह, आसन (स्वस्थ राहून वाट पाहणे), यान (चाल करून जाणे), संश्रय (बलवानाचा आश्रय घेणे) आणि द्वैधीभाव. यांतील द्वैधीभाव म्हणजे एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह मांडणे. या सोयरिकीला लागू पडणारे पारिभाषिक नाव तेच आहे, मग मुहूर्ताच्या वेळी मंडपात ते कोणाच्या तोंडी आले नसले तरी.

विवाह हे राजकारणाचे साधन वाकाटकांना नवे नव्हते, कारण गौतमीपुत्राची पत्नी भारशिव नागांच्या भवनागाची कन्या होती; आणि गुप्तांनाही नवे नव्हते, कारण प्रभावतीची आई कुबेरनागा स्वतःच नागकुळातील होती. नवे होते ते त्यानंतर घडलेले. रुद्रसेन लवकर वारला, मुले अल्पवयीन होती आणि राज्याचा कारभार प्रभावतीकडे आला. तेराव्या राजवर्षी तिने दिलेला ताम्रपट पुण्यात उपलब्ध झाला म्हणून तो पुणे ताम्रपट या नावाने ओळखला जातो. त्यात युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून ती दान देते. परंतु वंशावळ सासरची न देता माहेरची, म्हणजे गुप्तांची देते, आणि गोत्रही वाकाटकांचे विष्णुवृद्ध न सांगता आपले धारण हे पितृगोत्र सांगते. वाकाटकांचे लेख बहुधा पेटिकाशीर्षक लिपीत, म्हणजे अक्षराच्या माथ्यावर लहान चौकोन असलेल्या वळणात कोरलेले असतात. हा ताम्रपट मात्र मुख्यतः खिळ्याच्या माथ्यासारख्या शिरोभागाच्या उत्तरी वळणात आहे. पाटलिपुत्राहून आलेले कारकून नंदिवर्धनच्या दफ्तरात बसले होते, असा निष्कर्ष यावरून काढला गेला आहे आणि तो स्वाभाविक वाटतो.

एवढ्यावरून वाकाटक गुप्तांचे मांडलिक, म्हणजे खंडणी देणारे दुय्यम राजे झाले, असे म्हणावे काय? गुप्त सम्राट ‘महाराजाधिराज’ म्हणवीत आणि वाकाटक नुसते ‘महाराज’, ही गोष्ट त्या बाजूला जाते. तथापि मांडलिक राजा सहसा आपल्या अधिपतीच्या संवताने कालगणना करतो, आणि प्रभावतीने किंवा तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने गुप्त संवत एकदाही वापरलेला नाही. दोघांचे लेख वाकाटक राजवर्षांत मोजलेले आहेत. सम्राटाची मुलगी राज्य चालवीत असताना दफ्तरात सम्राटाचा संवत येऊ नये, हा पुरावा पदव्यांपेक्षा वजनदार मानला पाहिजे. गुप्तांना विदर्भाची खंडणी नको होती. पश्चिमेच्या मोहिमेपुरती पाठीमागची शांतता हवी होती, आणि ती त्यांना मिळाली. विदिशेजवळच्या उदयगिरीच्या लेण्यात चंद्रगुप्ताचा मंत्री वीरसेन याचा लेख आहे, त्यात पृथ्वी जिंकू पाहणाऱ्या राजाबरोबर आपण येथे आल्याचे तो सांगतो. पाठोपाठ क्षत्रपांच्या धाटणीची चांदीची नाणी गुप्तांच्या नावाने निघू लागतात. शकांचे राज्य संपले होते.

या साऱ्या व्यवहारात वत्सगुल्म कुठे होते? त्या शाखेच्या वंशावळींत गुप्तांशी कसलाही विवाहसंबंध नोंदलेला नाही. १९३९ मध्ये उजेडात आलेला वाशिम ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या सदतिसाव्या राजवर्षी वत्सगुल्माहून दिला. काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात असलेल्या या लेखातील दानाचे गाव नांदीकड, म्हणजे नांदेड परिसराच्या उत्तर मार्गावरचे आहे. यावरून या राज्याचे तोंड पैनगंगा उतरून गोदावरीकडे, दक्षिणेला होते, हे स्पष्ट होते. त्याचा झगडाही दक्षिणेशी होता : अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखानुसार याच राजाने कुंतलाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाकडील प्रदेशाच्या राजाचा पराभव केला. उलट नंदिवर्धनच्या नरेंद्रसेनाने पुढे कुंतलाच्याच राजकन्येशी, अज्झितभट्टारिकेशी विवाह केला. हे कुंतलाधिपती बनवासीचे कदंब की मानपूरचे राष्ट्रकूट, याबद्दल मतभेद आहेत. मात्र कदंब काकुस्थवर्म्याने आपल्या मुली गुप्त आणि इतर राजकुळांत दिल्याचे तालगुंद येथील लेख सांगतो, तेव्हा सोयरिकीचे जाळे त्या काळी नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरले होते एवढे निश्चित. ज्या शेजाऱ्याला एका घराने शत्रू मानले, तोच दुसऱ्या घराचा व्याही झाला. थोरल्या शाखेचे राजकारण सोयऱ्यांवर उभे राहिले आणि धाकटी शाखा त्या जाळ्याबाहेर राहिली.

पाचव्या शतकाच्या मध्यावर समतोल ढळला. वायव्येकडून हूण आले, स्कंदगुप्ताला साम्राज्य राखण्यासाठी झुंजावे लागले, आणि गुप्तांचे दक्षिणेकडचे लक्ष ओसरताच त्यांच्या सोयऱ्याची किंमत कमी झाली. नंदिवर्धनचे दिवस फिरले. नलवंशी भवदत्तवर्म्याने खुद्द नंदिवर्धनाहून दानपत्र दिल्याचे रिद्धपूर ताम्रपटावरून दिसते, आणि शाखेचा शेवटचा ज्ञात राजा दुसरा पृथिवीषेण याने बुडालेले कुळ दोनदा वर काढल्याची बढाई मारली. बढाई कसली, तो दोनदा बुडाल्याचा कबुलीजबाबच आहे.

याच वर्षांत वत्सगुल्म मात्र स्थिर होते. वाशिमजवळच्या हिस्से बोराळा येथील शिलालेख राजा देवसेनाच्या काळातला, शक ३८० म्हणजे इ. स. ४५८ चा असून स्वामिल्लदेवाने ‘सुदर्शन’ नावाचे सरोवर बांधल्याची नोंद त्यात आहे. जुनागढच्या सुप्रसिद्ध सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने दुरुस्त केला तोही याच दोन-तीन वर्षांत. विदर्भातल्या तलावाला सौराष्ट्रातल्या तलावाचे नाव मिळाले आणि कालगणना मात्र गुप्तांच्या संवताने न होता त्यांनी बुडविलेल्या शकांच्या संवताने झाली. गुप्तांचा प्रभाव या राज्यात किती पोचला होता आणि किती नव्हता, याचे माप यापेक्षा नेमके मिळणे कठीण आहे.

देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या हाती असे सावरलेले राज्य आले, आणि आता उदयोन्मुख सत्ता म्हणून निवड करण्याची पाळी वत्सगुल्माची होती. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. त्यातील लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या सात देशांची नावे हरिषेणाच्या संदर्भात येतात, म्हणजे माळव्यापासून कृष्णा-गोदावरीच्या मुखांपर्यंतचा प्रदेश. परंतु दगड झिजल्याने त्या श्लोकाचे क्रियापदच नष्ट झाले आहे. हरिषेणाने हे देश जिंकले, त्यांच्याकडून खंडणी घेतली की फक्त त्यांच्यावर वचक बसविला, हे तो श्लोक आता सांगू शकत नाही, आणि तरीही पुष्कळ नकाशांत हे सातही देश एकाच रंगाने रंगविलेले दिसतात. त्या देशांत त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची दानपत्रे मिळत नाहीत, हे लक्षात घेता तिथे स्थानिक राजेच पूर्ववत राज्य करीत असावेत असे मानणे सयुक्तिक ठरते. समुद्रगुप्ताचा अनुग्रह हाच होता. फरक असा, की समुद्रगुप्ताने तो आपल्या गाभ्यापासून दूरच्या दक्षिणेत वापरला आणि गंगेच्या खोऱ्यातील राजे मात्र समूळ काढले, तर हरिषेणाचे अनुगृहीत राजे त्याच्या उंबरठ्यालाच चहूबाजूंनी लागून होते.

अशा रचनेत अधिपती दुबळा पडला की काय होते, याचे चित्र दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत आढळते, आणि त्या कथेत वाकाटकांच्या अखेरीची आठवण साठवलेली असावी, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. कथेतील विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा मंत्री वसुरक्षिताचा दंडनीतीचा, म्हणजे राज्यशास्त्राचा उपदेश टाकून विहारभद्र नावाच्या खुशामतखोराचे ऐकतो; शेजारचा अश्मकाचा राजा वसंतभानू वनवासीच्या राजाला विदर्भावर चालून यायला चिथावतो, रणांगणात कुंतलासह मांडलिकांना फोडतो आणि अनंतवर्मा मारला गेल्यावर त्या मांडलिकांनाही लुटीवरून आपापसांत झुंजवून स्वतः धनी होतो. कथा ही कथाच असल्याने तिच्यातील नावे इतिहासात जशीच्या तशी बसविता येत नाहीत. मात्र हरिषेणानंतर वत्सगुल्म शाखेचा एकही राजा कोरीव लेखांतून समोर येत नाही, आणि अजिंठ्याची अनेक लेणी अर्धवट राहिली आहेत. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने त्या अपुऱ्या कामाच्या आधारेच हरिषेणाचा मृत्यू इ. स. ४७७ च्या सुमारास ठेवला, तर मिराशींच्या गणनेत तो शतकाच्या अखेरीस येतो.

इकडे आंध्रात विष्णुकुंडी घराणे वर आले. त्यांच्या माधववर्म्याने एका वाकाटक राजकन्येशी विवाह केला, आणि त्याचा मुलगा विक्रमेंद्रवर्मा आपल्या कुळाच्या लेखात विष्णुकुंडी व वाकाटक या दोन्ही वंशांचे भूषण म्हणून मिरवतो. तोवर वत्सगुल्माकडे किंवा नंदिवर्धनाकडे सैन्य म्हणावे असे काही उरलेले नव्हते, पण नव्या सत्तेला त्या नावाची गरज होती. या नव्या सत्तेने पश्चिमेकडे पाहताना कलचुरी आणि बदामीचे चालुक्य यांच्या उदयाचा हिशेब कसा मांडला, ते पुढील लेखांकात येईल.