नावाची चोरी



चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप येते. परंतु उंबरठाही न ओलांडता एखाद्याची मिळकत नेता येते. नकली माल विकणारा नेमके हेच करतो. तो वस्तू नेत नाही, नाव नेतो.

या व्यापाराची व्याप्ती केवढी? आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या 2025 च्या अहवालानुसार, 2021 साली देशोदेशी गेलेल्या नकली मालाचे मोल सुमारे 467 अब्ज डॉलर, म्हणजे जगाच्या आयातीच्या 2.3 टक्के होते. त्यात कपडे, पादत्राणे व चामड्याच्या वस्तू अग्रभागी आहेत. पादत्राणे म्हटली की हा विषय थेट आपल्या दारी येतो.

कोल्हापुरी चप्पल केवळ कोल्हापुरातच होते असे नव्हे. निपाणीपासून जवळच असलेल्या कापशीने तिच्या एका प्रकाराला नाव दिले. बेळगाव जिल्ह्यातील अथणी तर तिचे मोठे केंद्र होय. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्यावाचून चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, हाताने गुंफलेली वेणी, असे हे अनेक दिवसांचे काम. याउलट रेक्झिनची चप्पल यंत्रावर झटपट निघते आणि तेच नाव धारण करून त्याच दुकानात बसते.

गिऱ्हाइकाला दोहोंतील भेद कळला नाही, म्हणजे तो स्वस्त जोड उचलतो. खोटे नाणे खऱ्या नाण्यास बाजारातून हुसकावते, तद्वत् येथेही घडते. पुढे तो जोड लवकर तुटला की गिऱ्हाईक म्हणते, "कोल्हापुरी टिकत नाही." एका विक्रीचे नुकसान भरून येईल, गेलेली पत कशी भरून यावी? मग कारागिराचा मुलगा दुसरा धंदा शोधतो, आणि विद्या त्याच्या बापाबरोबर संपते.

यासाठी 1999 चा भौगोलिक मानांकन कायदा आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना हे नाव मिळून लाभले आहे. सीमेने राज्ये वेगळी केली. नाव मात्र दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या सामायिक मालकीचे राहिले. पण हा कायदा नाव राखतो, घाट नव्हे. इटलीच्या प्राडा कंपनीने जून 2025 मध्ये मिलान येथे याच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा आरंभी कोल्हापुरीचा उल्लेखही नव्हता. गवगवा झाल्यावर कंपनीने या कलेचे ऋण मान्य केले व डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही महामंडळांशी करार केला.

मिलानची गोष्ट गाजली. आपल्या बाजारातील खोट्या नावाविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि ते थांबविणे काही अंशी आपल्याच हाती आहे. जोड घेताना तो उलटा करून शिवण पाहावी, कातड्याचा वास घ्यावा, कोठे व कोणी केला हे विचारावे. दुकानदारास उत्तर देता आले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत. खरा माल महाग असेल, पण त्याचे मोल खऱ्या हातांपर्यंत पोचते.